सरकलेलं दार

गवंड्याच्या घराचं दार अकरा महिन्यांत उत्तरेकडून पूर्वेकडे गेलं होतं, आणि घरं चालत नाहीत एवढं पडताळणी खात्यातल्या शिपायालाही कळत होतं. फूटपट्टीला तर कळायलाच हवं होतं. हे नाव तिच्या पाठीमागे पडलेलं होतं आणि तिला ते माहीत होतं. बावीस वर्षं ती काचेच्या टेबलावर दोन-दोन कागद मांडून मोजत आली होती. आसरा मागायला जो येईल त्याला पहिल्या दिवशी एक कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, तुमचं घर काढा. दहा-बारा महिन्यांनी, निकालाआधी, पुन्हा एक कोरा कागद द्यायचा आणि तेच म्हणायचं. मग दोन्ही कागद टेबलावर ठेवायचे, खालून दिवा लावायचा आणि एकावर एक धरून पाहायचं. खरा माणूस आपलं घर विसरत नाही, खोटा आपलं खोटं विसरतो, असा खात्याचा हिशेब. शितावरून भाताची परीक्षा. शेवटी एक चौकट होती, तिच्यात दोनच शब्द छापलेले होते: जुळतात, जुळत नाहीत. नको तो शब्द खोडायचा. त्या दिवशी सकाळी तिनं गवंड्याच्या कागदांवर 'जुळतात' खोडलं, सरकलेल्या दाराभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला, सही केली आणि फाईल साहेबांच्या टेबलावर पाठवून दिली. मनात म्हणालीसुद्धा, दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर समजू शकले असते, पण गवंडी माणूस आणि दार चुकतो? आणि विषय तिथंच संपला. चहाची वेळ झाली होती.

दुपारी ती पाण्याची बाटली भरायला बाहेरच्या बोळात गेली तेव्हा गवंडी बाकावर बसला होता. साठीचा असावा. शेजारी दुभाषी बाई होत्या, त्यांना कुणाशीही कितीही गप्पा मारल्या तरी वेळ पुरत नसे. गवंडी बसल्या बसल्या भिंतीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होता. वरून खाली, खालून वर. मग तो काहीतरी म्हणाला आणि दुभाषी बाई हसल्या.

"म्हणतायत, हा कोपरा ओळंब्यात नाही. बोटभर बाहेर झुकलाय. ज्यानं बांधला त्याला घाई होती."

अर्जदाराशी बोळात बोलायचं नाही असा नियम होता, आणि फूटपट्टी म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. पण नळाला धार बारीक होती, बाटली भरायला वेळ लागत होता आणि तिच्या तोंडून निसटून गेलं, "भिंतीतलं बोटभर कळतं त्यांना, आणि स्वतःच्या घराचं दार कुठे होतं ते आठवत नाही?"

दुभाषी बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ते गवंड्याला सांगून टाकलं. गवंडी जराही ओशाळला नाही. तो सावकाश बोलत राहिला आणि दुभाषी बाई त्याच्या मागून, एकेक वाक्य घेत.

"दार उत्तरेलाच होतं, म्हणतायत. आठवायला काय झालं. बायको वीस वर्षं सांगत होती, वारा थेट चुलीवर येतो, दार पूर्वेला काढा. पण लोकांची घरं बांधण्यात स्वतःचं राहून गेलं. इथं अकरा महिने हाताला काम नाही. म्हणून काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे काढलंच. आधी पूर्वेची भिंत फोडली. चौकट बसवली. मग उत्तरेचं दार बुजवलं. बुजवायला जास्त दिवस लागले, जुन्या विटा सापडेनात. रोज थोडं थोडं, इथंच बाकावर बसून." दुभाषी बाईंचा आवाज जरा खाली आला. "घर पडलं तेव्हा बायको आत होती. उत्तरेकडून पडलं. दार पूर्वेला असतं तर निघाली असती, म्हणतायत."

बाटली भरून पाणी तिच्या मनगटावरून वाहायला लागलं होतं. तिनं नळ बंद केला. "पण कागदावर जुनं घर काढायचं होतं," ती म्हणाली. गवंड्यानं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. त्याला कुणी जुनं म्हणालं नव्हतं. तुमचं घर काढा म्हणाले, त्यानं त्याचं घर काढलं.

टेबलाशी परत येऊन ती बसली. समोर पुढची फाईल उघडी होती आणि त्यातलं तिला काही दिसेना. ते गवंड्याच्या बायकोमुळे म्हणावं तर तेवढंच खरं नव्हतं. तिला तिचे बाबा दिसत होते, फरशीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर लाकडी फळी, फळीवर कागद. त्या फरशीवर रंगीत पट्टे होते. या देशात आल्यावर त्यांना पहिल्यांदा ठेवलं ते एका खेळाच्या सभागृहात, आणि त्या पट्ट्यांनीच घरं आखलेली होती: हिरव्या पट्ट्यापर्यंत आठ माणसांचं कुटुंब, पांढऱ्या पट्ट्यापासून दोघे भाऊ, आणि लाल अर्धगोल त्यांचा. आई, बाबा आणि ती. अर्धगोलाला कोपरे नसतात, त्यामुळे चादरीचे पडदे कसेही लावले तरी एका बाजूनं उघडं राहायचं. त्या उघड्या बाजूनं पलीकडची मावशी आत डोकावायची. मावशी म्हणजे कुणाची कोण, पण तिथं सगळ्याच बायका मावश्या होत्या. तिच्याजवळ एकाच स्वेटराची लोकर होती. ती तो विणायची, पुरा झाला की उसवायची आणि पुन्हा विणायला घ्यायची. एकदा गुलाबकळीचा टाका, एकदा साधा. मुली तिच्यासमोर दोन हात पुढे करून बसायच्या आणि ती त्यांच्या हातांवर लोकर गुंडाळायची. रबराचा, ओल्या सतरंज्यांचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास एकत्र झाला की काय होतं ते फूटपट्टीला आजही डोळे मिटून सांगता आलं असतं. दोनशे माणसं एका छताखाली निजायची आणि त्यांच्या श्वासांचा एक संथ आवाज व्हायचा. पुढे त्यांना दोन खोल्या मिळाल्या, दाराला कडी असलेल्या. सगळे आनंदात होते आणि ती आठवडाभर रडली होती, तिकडे परत चला म्हणून. आई म्हणाली होती, "लोक नरकातून सुटतात आणि आमची ही बया तिथं राहायला मागते." पण नरक तो आईचा. तिच्या हिशेबी ते घर होतं. त्याच्या आधीचं घर तिला मुळी आठवतच नव्हतं, तिथून निघाली तेव्हा ती चार वर्षांची होती.

आठवायचं ते बाबांनी काढलेलं. रविवारी सकाळी सभागृहात फार आवाज नसायचा, आणि बाबा ते घर काढायला बसायचे. पहिल्या रविवारी दोन खोल्या आणि तीन पायऱ्या. पुढच्या रविवारी मागच्या खोलीला खिडकी आली. मग खिडकीखाली कट्टा. मग गच्ची. आई कपड्यांच्या घड्या करता करता बघायची आणि म्हणायची, "आता गच्चीवर एक हत्ती बांधा, म्हणजे झालं."

"अगं, होतं ते सगळं."

"कोळशाची खोली होती तिथं. मी झाडत होते ना ती."

"कोळशाच्या खोलीवर काय होतं मग?"

"पत्रा."

बाबा थोडा वेळ पेन्सिल तोंडात धरून बसायचे. मग गच्ची खोडायचे नाहीत आणि पत्रा काढायचेही नाहीत. गच्चीच राहायची. आणि मुलीला जवळ ओढून पाढे म्हणून घेतात तसं म्हणून घ्यायचे, कारण खात्याची माणसं मुलांना वेगळं बसवून विचारतात हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. खोल्या किती? दोन. दार कुठं? रस्त्याकडे. पायऱ्या किती? तीन. तिला ते पाठ होतं. आणि तरी ज्या दिवशी सर्दी झालेल्या एका बाईंनी तिला टेबलासमोर बसवलं आणि रुमालाआडून विचारलं, "पायऱ्या किती होत्या गं तुमच्या घराला?" तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर आदल्या रविवारचं चित्र उभं राहिलं. त्यात बाबांनी पायऱ्या दोन वाढवल्या होत्या. ती म्हणाली, "पाच." बाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि काहीतरी लिहिलं. "छान," म्हणाल्या. महिन्याभरात परवानगी आली. बाबा पुढची सगळी वर्षं, येईल त्याला, अगदी जावयाच्या घरच्या माणसांनासुद्धा सांगत राहिले, "हिनं तीन पायऱ्या बरोबर सांगितल्या, म्हणून आज आपण इथं आहोत." तिनं कधी त्यांना सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा शेवटच्या दिवसांतही, तिचा हात धरून, तीन बोटं वर करून ते हसले होते. त्या वेळी तिला वाटलं होतं, आता बोलून टाकावं, आणि तिनं त्यांची बोटं नुसती मिटून घेतली.

या खात्यात ती नोकरीला लागली त्याचं कारण कुणी विचारलं तर ती म्हणायची, सरकारी नोकरी, वेळेत घरी जाता येतं. खरं कारण ते पाच होतं. ज्या घरात आपण चुकीच्या उत्तरावर शिरलो त्या घराची राखण तरी चोख करावी, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं होतं. मागच्या निवडणुकीत गल्लोगल्ली फलक लागले होते, नियम कडक करा म्हणणारे, आणि तिनं त्यांनाच मत दिलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मतपेटीपाशी तिला क्षणभर सभागृहातली मावशी आठवली होती आणि तिनं ती आठवण बाजूला केली होती. आपण आत आलो, आता दार लावून घ्या. तिला या विचाराची लाज वाटली, पण ती आज, इतक्या उशिरा, एका गवंड्यानं बसल्या जागी भिंत फोडल्यावर.

साहेब तिच्यापेक्षा वयानं लहान होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. तिनं त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं ते त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण बाई, चौकटीत दोनच शब्द आहेत. आणि ते जुळत नाहीत हे तर खरंच आहे ना?"

"खरं आहे. पण त्यावरून तो माणूस खोटा आहे असं निघत नाही. आपण ते काढतो."

"मग काय करायचं म्हणता? आज दार सरकलं, उद्या कोणी म्हणेल माझं गावच सरकलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, लोक म्हणतात. आणि आपण लोकांनी निवडून दिलेल्यांचे नोकर."

"लोकांत मीही आहे, साहेब. मत मीही दिलंय. ज्याला दिलं तेही सांगते हवं तर." तिनं साहेबांच्या टेबलावर हात टेकला. "कडक नियम करा म्हणून दिलं. खऱ्या माणसाला खोटा म्हणून परत पाठवा, असं कुठे लिहिलं होतं फलकावर? आपण जगाला सही करून दिलीय, जीव वाचवायला आलेल्याला परत ढकलणार नाही म्हणून. ती सही लोकांच्याच नावानं केलीय. माझ्याही नावानं."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ठीक आहे. शेरा मागे घेता येतो. तसा अर्ज आहे. पण त्यात कारण लिहावं लागतं. माझी मोजायची चूक झाली असं लिहाल तर एकच फाईल उघडते. मोजायची पद्धतच चूक आहे असं लिहिलंत तर नियम असा आहे की त्या पद्धतीनं तुम्ही दिलेले नकाराचे सगळे शेरे पुन्हा तपासायचे. बावीस वर्षांचे. मी तुमच्या भल्यासाठी सांगतो, मोजायची चूक लिहा. गुरुवारी समिती आहे. तो माणूस सुटेल, तुम्हीही सुटाल."

तो अर्ज घेऊन ती घरी आली आणि शनिवार-रविवार तो तिच्या पर्समध्येच राहिला. नवऱ्यानं एकदा विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, कंबर धरलीय. रविवारी सकाळी तिनं घर झाडलं, पडदे काढून धुवायला टाकले, पुन्हा घर झाडलं. खिडकीतून उजेड जमिनीवर पडला होता आणि बाबा इथं बसले असते तर त्यांनी फळी कुठं ठेवली असती ते तिला दिसत होतं. त्या एका घराची किती घरं झाली होती. तिनं आयुष्यभर जे घर मनात धरलं, त्याला गच्ची कधी नव्हतीच. त्या गच्चीवरच्या दुपारी, तिथं वाळत घातलेली आईची लुगडी, कठड्यावर हनुवटी टेकून पाहिलेला रस्ता हे सगळं बाबांनी एका खेळाच्या सभागृहात लाल पट्ट्याच्या आत बसून तिच्यासाठी बांधलं होतं. त्याला खोटं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आणि तरी तिच्या टेबलावर ते दोन कागद आले असते तर तिनं गच्चीभोवती लाल गोल केला असता. पायऱ्यांभोवती दुसरा. खाली सही. तिला एकदम मावशीचा स्वेटर आठवला, आणि मावशीचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही हेही आठवलं. एका सकाळी पलीकडचा पडदा काढलेला होता आणि सतरंजी गुंडाळून ठेवली होती. आईनं नुसतं सांगितलं होतं, तिचं जमलं नाही. लहान मुलीनं त्यावर काही विचारलं नाही. मोठी झाल्यावरही विचारलं नाही. किती मावश्यांचं जमलं नाही असं आपण आपल्या हातानं लिहिलं असेल, या विचाराशी आलं की तिचं मन मागे फिरायचं. आडवाटेनं ते पुन्हा गच्चीवर जाऊन बसायचं, कारण तिथं ऊन होतं. मोजायची चूक असं लिहिलं की हे सगळं मिटत होतं. गवंडी सुटत होता. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी तिनं अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: पद्धत चूक आहे. मी कधी 'का' असं विचारलं नाही. दुसरं वाक्य सरकारी कागदावर शोभत नव्हतं, पण ते तिनं राहू दिलं.

गुरुवारी समितीसमोर गवंडी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. उंटावरून शेळ्या हाकणारी म्हणून खात्यात समितीतल्या तिघांची थट्टा व्हायची, पण त्या दिवशी अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद जवळ घेऊन बराच वेळ पाहिले. "दोन्हींतलं खरं कुठलं?" त्यांनी विचारलं. दुभाषी बाईंनी विचारलं. गवंडी म्हणाला, पहिलं पडलं. दुसऱ्यात तो सध्या राहतो. मग त्यानं अध्यक्षबाईंच्या हातातून दुसरा कागद हळूच घेतला, उलटा धरला होता तो सरळ केला आणि परत दिला. कुणी हसलं नाही. फूटपट्टीला उभं राहून सांगायचं होतं ते तिनं सांगितलं, थोडं घाईघाईनं. संध्याकाळी चारच्या सुमारास परवानगी मिळाली. बोळात गवंड्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाला. दुभाषी बाई म्हणाल्या, "तो कोपरा सरळ करून देतो म्हणतायत. फुकट." फूटपट्टी हसली आणि तिला रडू आलं, आणि दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे तिला पटकन बाथरूममध्ये जावं लागलं.

त्यानंतरच्या सोमवारी तिला तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत बसवण्यात आलं. शिक्षा नव्हती, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. रेकॉर्डवाल्या काकांनी ढकलगाडीवरून फायली आणल्या. एकशे सदतीस होत्या. "जुन्यापासून लावल्यात, ताई," ते म्हणाले, "वरची सगळ्यांत जुनी."

तिनं वरची उघडली. एकवीस वर्षांपूर्वीची. एका बाईची, व्यवसाय शिक्षिका, सोबत कुणी नाही. चेहरा आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला, पण काही आलं नाही. दोन कागद पिवळे पडले होते. पहिल्यावर दोन खोल्या आणि ओटा. दुसऱ्यावर त्याच दोन खोल्या, तोच ओटा, आणि मागे एक लहानशी तिसरी खोली, खाटेसकट. त्या खोलीभोवती लाल गोल होता. पेन्सिल इतकी दाबलेली होती की कागदाच्या मागे उमटली होती.

"ही खोली कुणासाठी?" ती म्हणाली.

काकांना वाटलं त्यांनाच विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद पाहिला. "आता हे त्यांनाच विचारायला हवं," ते म्हणाले. "पत्ता असेल की आत. परत पाठवताना लिहून घेतात."

तिनं शेवटचं पान काढलं. 'जुळत नाहीत' या शब्दांखाली तिची सही होती. तेव्हा ती पुरं नाव लिहायची, सुवाच्य. त्याखाली समितीचा एका ओळीचा निकाल होता, अर्जदारानं वर्णन केलेलं घर अस्तित्वात असल्याचं दिसत नाही. त्याखाली परत पाठवल्याची तारीख आणि रवानगीचा पत्ता. तिनं तो पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात त्या बाईनं स्वतः लिहिलेल्या पत्त्याशी ताडून पाहिला, दोनदा. गल्ली तीच होती, घराचा क्रमांक तोच होता. घर नाहीच असं ठरवून त्यांनी तिला परत पाठवलं होतं, आणि पाठवलं होतं ते त्याच घरी.